ध्रुवावर तापलं, तिरुनेलवेलीत खड्डा पडला : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०२४

२ जानेवारी २०२४, मंगळवार

शेवटी विषय ठरला. मॅडमना तीन विषय दिले होते, दोन त्यांनी पाच मिनिटांत उडवले आणि तिसऱ्यावर म्हणाल्या, "हा घे, पण जगभराचं करत बसू नकोस, आपल्याकडचं काय ते बघ." म्हणजे एसएसडब्ल्यू, स्ट्रॅटोस्फिअर अचानक तापणं. ऐन हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर, जिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही तिथे, जमिनीपासून तीसेक किलोमीटर वर, आठवड्याभरात तापमान चाळीस-पन्नास अंशांनी चढतं. १९५२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांना बलूनच्या नोंदींत हे पहिल्यांदा दिसलं.

आपल्याकडचं म्हणजे काय, तर ध्रुवावर हे घडलं की काही दिवसांत विषुववृत्तावर शंभरेक किलोमीटर उंचीवरून वाहणारा विजेचा प्रवाह गडबडतो, आणि तो जमिनीवरच्या चुंबकमापकात पकडता येतो. भारतातून तर फारच नीट पकडता येतो कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जातं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "ध्रुवावर काय होतंय ते लालबागला बसून कसं कळणार?" तेच तर करायचंय ना.

६ जानेवारी, शनिवार

ईआरए५ चा, म्हणजे जगभरच्या जुन्या हवामानाच्या संगणकावर मांडलेल्या नोंदींचा, डेटा उतरवायला लावलाय. रिक्वेस्ट टाकायची आणि रांगेत उभं राहायचं, रेशनच्या दुकानासारखं, फक्त इथे पुढे किती जण आहेत ते दिसत नाही. पहिल्या वेळी अतिउत्साहात सगळ्या पातळ्या, सगळे तास मागितले, मग लक्षात आलं की लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नाहीये. आता फक्त १० हेक्टोपास्कल दाबाची पातळी (तीच ती तीसेक किलोमीटरची उंची), दिवसाला चार वेळा, वारा आणि तापमान.

मुख्य घटना कशाला म्हणायचं त्याचा नियम सोपा आहे: ६० अंश उत्तर अक्षांशावर, १० हेक्टोपास्कलला, पूर्ण वर्तुळभर सरासरी काढलेला पश्चिमेकडून येणारा वारा उलटून पूर्वेकडून वाहायला लागला की झाली घटना. दहा वर्षांत साधारण सहा वेळा होतं. सुरुवात २००९ पासून करतेय, कारण तेव्हा सूर्य अगदी गप्प होता, त्यामुळे वरच्या वातावरणात जे काही दिसेल त्याचा आळ सूर्यावर टाकता येत नाही. प्लॉट आला आणि बघतच बसले. वारा महिनाभर छान जोरात, मग कडा तुटल्यासारखा खाली, २४ जानेवारीला शून्याच्या खाली. ध्रुवावरचं तापमान आठवड्याभरात पन्नास अंशांहून जास्त वर.

एक चूक झाली ती लिहून ठेवते. ६० ते ९० अंशांची सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्यायचं विसरले. ध्रुवाजवळची वर्तुळं लहान असतात, त्यांना ६० अंशाच्या मोठ्या वर्तुळाइतकाच मान दिला तर ध्रुव उगाच शेर होतो. प्रकल्पातल्या पार्टनरने पकडलं. तिला वडापाव देणं लागतेय.

११ जानेवारी, गुरुवार

आज नुसतं वाचन. तापतं का, हे मला स्वतःच्या शब्दांत लिहायचंय, कारण व्हायव्हात हेच विचारणार.

हिवाळ्यात ध्रुवाभोवती थंड हवेचा भोवरा गरगरत असतो. खाली हिमालय, रॉकी यांसारखे डोंगर आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यांमुळे प्रचंड लांबीच्या लाटा तयार होतात, पृथ्वीच्या पूर्ण फेरीत एक किंवा दोनच मावतील एवढ्या. या लाटा वर चढतात, पण फक्त वारा पश्चिमेकडून असेल आणि फार जोराचा नसेल तरच, हे चार्नी आणि ड्रेझिन यांनी १९६१ मध्ये दाखवलं. म्हणून उन्हाळ्यात हा प्रकार होत नाही, तेव्हा वर वारा पूर्वेकडून असतो, लाटांना दारच बंद. वर गेल्यावर हवा विरळ, लाट फुगते, फुटते आणि भोवऱ्याच्या वाऱ्याला मागे खेचते. भोवरा एकतर बाजूला ढकलला जातो नाहीतर सरळ दोन तुकडे. वारा मंदावला की वरची हवा ध्रुवावर खाली बसते, दाबली जाते आणि दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं तसं. मात्सुनो यांनी १९७१ मध्ये हे सगळं गणितात बसवलं. म्हणजे उष्णता कुठून बाहेरून येत नाही हे मला पहिल्यांदा नीट समजलं, आधी मी मनातल्या मनात कुठलातरी हीटर धरून चालले होते.

दक्षिणेकडे डोंगर आणि जमीन कमी, लाटा कमजोर, म्हणून तिथे मोठी घटना एकदाच, सप्टेंबर २००२, तेव्हा ओझोनच्या भोकाचेही दोन तुकडे झाले होते.

आई चपात्या लाटता लाटता ऐकत होती. विचारलं, "एवढं तापतं म्हणजे किती गं?" म्हटलं, उणे सत्तरवरून उणे वीस-पंधरापर्यंत. "मग अजून फ्रीझरच की!" हे वाक्य प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या स्लाइडवर टाकू का असा विचार चालू आहे.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तिळगूळ खात खात अंदाजांचे नकाशे बघितले तर उद्याच वारा उलटणार म्हणतायत! प्रकल्प जुन्या घटनांवर घेतला आणि नवीन घटना दारात उभी. आजोबांनी विचारलं, मग मुंबईत थंडी पडणार का? त्यांना म्हटलं तसा सरळ संबंध नाही. युरोपात पडते कधीकधी, फेब्रुवारी २०१८ च्या घटनेनंतर पडली होती, पण आपला स्वेटर कपाटातच. ते जरा नाराज झाले.

२१ जानेवारी, रविवार

ईआरए५ साधारण पाच दिवस मागे असतो, त्यामुळे १६ तारीख आज हाती आली. उलटलाय, पण कसाबसा. शून्याला शिवून आला म्हटलं तरी चालेल. नियमाने मोठी घटना, पण २००९ च्या शेजारी ठेवली तर कीव येते. नियम हा नियम, रेषेच्या एक मीटर खाली गेलं तरी नापास आणि वीस मीटर खाली गेलं तरी नापासच.

आता चुंबकीय डेटा. भारतात वर्षानुवर्षं वापरलेली पद्धत अशी: तिरुनेलवेलीचं केंद्र चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, अलिबागचं त्यापासून लांब. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक दोन्हीकडे दिवसा वर चढतो. अलिबागला फक्त सूर्यामुळे रोज वाहणारा नेहमीचा प्रवाह दिसतो, तिरुनेलवेलीला तो आणि त्याच्या जोडीला विषुववृत्तावरचा अरुंद जोरदार झोत, इलेक्ट्रोजेट, असं दोन्ही दिसतं. रात्रीची पातळी शून्य धरून एकातून दुसरं वजा करायचं, उरतो तो झोत. वजाबाकीचा आणखी एक फायदा, चुंबकीय वादळाचा परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखा असल्यामुळे बराचसा तोही जातो. एरवी झोत पूर्वेकडे वाहतो, पण कधीकधी दुपारी उलटतो आणि आलेख शून्याच्या खाली खड्ड्यात जातो. एसएसडब्ल्यूच्या काळात हेच होतं. तिरुनेलवेली-अलिबागच्या जोडीवर इथल्याच संशोधकांनी ते दाखवलेलं आहे, त्यामुळे मी काही अमेरिका शोधत नाहीये, फक्त स्वतःच्या हाताने करून बघतेय.

अलिबाग का, कुलाबा का नाही? कारण ट्राम! कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या, २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय महावादळात तिथला आडवा घटक सोळाशे नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास कोसळल्याची नोंद आजही जगभर वापरतात. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तारांमधल्या करंटने नोंदी नासणार म्हणून संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवीन केंद्र उभं केलं, दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने मोजमाप केलं आणि मग १९०६ मध्ये कुलाब्याचं थांबवलं. दोन वर्षं बरोबरीने! आम्ही फोन बदलताना कॉन्टॅक्टसुद्धा नीट कॉपी करत नाही.

आजचा घोळ: गहाळ मिनिटाच्या जागी फाइलमध्ये ९९९९९ लिहिलेलं असतं, ते काढलं नाही, तर आलेखात कुतुबमिनार.

२७ जानेवारी, शनिवार

झालं!! २००९ चा झोत काढला. दुपारनंतर खड्डा, खोल, गुळगुळीत, शंकाच नको. रात्री एक वाजता मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला आणि झोपले, म्हणजे झोप आलीच नाही.

२९ जानेवारी, सोमवार

नाही झालं.

मॅडमनी मोबाईलवरच आलेख मोठा करून बघितला आणि विचारलं, "खड्डा किती वाजता सगळ्यात खोल आहे?" म्हटलं सहा. "संध्याकाळी सहा? अगं जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. शंभर किलोमीटरवर तेव्हा वीज वाहायला आयन तरी किती उरलेत? सूर्य बुडताना कसला आलाय इलेक्ट्रोजेट?" मी गप्प. मग म्हणाल्या, "डिसेंबर दाखव." डिसेंबर २००८, घटनेच्या दीड महिना आधी, रोज तसाच खड्डा, रोज सहालाच. म्हणजे ध्रुवाचा काही संबंध नाही, माझा आहे.

कुर्ल्यापर्यंत उभ्याने आले आणि डोक्यात फाइली उलगडत होते. सापडलं ते घरी आल्यावर. मूळ डेटा जागतिक वेळेत असतो, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. अलिबागच्या फाइलमध्ये मी पहिल्या स्क्रिप्टमध्ये ते मिळवले होते, आणि वजाबाकीच्या स्क्रिप्टने परत मिळवले. तिरुनेलवेली जागेवर, अलिबाग साडेपाच तास पुढे. अलिबागचा दुपारचा डोंगर संध्याकाळी सहावर जाऊन बसला आणि वजा केल्यावर तिथे बरोबर त्याच आकाराचा खड्डा पडला, म्हणून तर तो इतका गुळगुळीत होता. मी दोन दिवस अलिबागचा डोंगर उलटा टांगून त्याची आरती करत होते.

आता सगळं जागतिक वेळेत ठेवतेय, अगदी शेवटी आलेख काढतानाच बदलायचं, आणि तेही घड्याळाच्या नाही तर सूर्याच्या वेळेत. मुंबईच्या रेखांशावर जानेवारीअखेर सूर्य डोक्यावर येईपर्यंत घड्याळात पाऊण वाजून गेलेला असतो. तिरुनेलवेली पूर्वेला आहे, तिथे वीसेक मिनिटं आधी.

३ फेब्रुवारी, शनिवार

दुरुस्त केलेला २००९. डिसेंबर साफ, रोज दुपारी नुसता डोंगर. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ध्रुवावर वारा उलटला त्याच सुमारास, आकार बदलतो: सकाळी झोत नेहमीपेक्षा तगडा, दुपारी शून्याच्या खाली. आधीच्या खोट्या खड्ड्याइतका देखणा नाही, कडा दातेरी, एक दिवस तर अर्धवटच. पण गंमत वेगळीच आहे, खड्डा जागेवर राहत नाही. रोज थोडा उशिरा येतो, पाऊण तासाच्या आसपास.

पेपर वाचून मला हे माहीत होतं, तरी स्वतःच्या आलेखात दिसल्यावर अंगावर काटा आला. हा चंद्र आहे. चंद्रामुळे समुद्रालाच नाही, हवेलाही भरती येते, १२ तास २५ मिनिटांनी एकदा. एरवी ती इतकी क्षीण की वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढल्याशिवाय दिसत नाही, आणि एसएसडब्ल्यूमध्ये तीच एकदम अंगात आल्यासारखी वाढते.

आलेख टेबलावर पसरून बसले होते, आजोबा चष्मा लावून आले. ते मूळचे अलिबागजवळचे, अर्ध आयुष्य होडीत गेलेलं. विचारलं हे तिरके ठिपके कसले. म्हटलं आजोबा, हा खड्डा रोज पाऊण तास पुढे सरकतो. ते हसलेच. "पाऊणकी आहे ही. तिथीची पाऊणपट कर." म्हणजे कोकणातला भरतीचा हिशोब: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. २६ जानेवारी २००९ ला अमावस्या होती. मी खालच्या अक्षावर तारीख काढून तिथी टाकली, आजोबांनी पेन्सिलने पाऊणकीची रेघ ओढली, आणि माझे ठिपके त्या रेघेला समांतर! रेघेवर नाहीत, थोडे सरकलेले, कारण हवेची भरती आणि अरबी समुद्राची भरती एकाच वेळी का यावी, पण तिरकेपणा तोच. तिथी म्हणजे बरोब्बर चोवीस तास नसतात वगैरे सगळं मान्य, दहाएक दिवसांसाठी चालतं.

चंद्र एसएसडब्ल्यूमध्येच का जोरात येतो, याची एक उपपत्ती मला पटते. पूर्ण वातावरणाची स्वतःची एक नैसर्गिक लय असते, ध्रुवाकडचे वारे आणि तापमान बदललं की ती लय सरकून चंद्राच्या १२.४ तासांच्या जवळ येते. बेस्टच्या जुन्या बसमध्ये एका ठरावीक वेगालाच खिडकीच्या काचा थडथडायच्या, त्याच्या खाली नाही आणि वरही नाही, तसं. शिवाय ओझोनची वाटणी बदलल्यामुळे सूर्याची बारा तासांची लाटही बदलते. दोन्हींचे कालावधी इतके जवळ की दहा दिवसांच्या डेटात त्यांना वेगळं करणं मुश्किल, आणि मी ते करायचा आवही आणणार नाहीये.

१० फेब्रुवारी, शनिवार

अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे बस. पार्टनर, मी आणि हट्टाने आलेले आजोबा. परवानगी काढायचं आमच्याच लक्षात आलं नाही, त्यामुळे वेधशाळा बाहेरूनच. तरी समाधान झालं. चुंबकमापकांच्या खोल्या बांधताना लोखंड टाळलं होतं आणि दगड पोरबंदरचा आणला होता, कारण आपल्याकडचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो. शंभरहून जास्त वर्षं त्या दगडांच्या आड मोजमाप चालू आहे, आणि बाहेर आम्ही शहाळं पीत उभे.

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात जायचं होतं, तर आजोबा एसटीतच म्हणाले होते, "आज प्रतिपदा, पाऊण वाजता भरती, चालत कसले जाताय." किनाऱ्यावर साडेबाराला पोचलो. किल्ल्याभोवती पाणीच पाणी. पार्टनरने मोबाईलवर भरतीची वेळ काढून बघितली आणि मुकाट्याने फोन खिशात ठेवला.

१८ फेब्रुवारी, रविवार

जानेवारी २०१३ आणि जानेवारी २०२१ पण केले. दोन्हीत सरकणारा खड्डा आहे, २०१३ मध्ये सूर्य जास्त तापलेला असल्याने गोंगाट जास्त. मग मॅडमनी सांगितलेलं कटकटीचं काम: ज्या हिवाळ्यांत मोठी घटना झालीच नाही ते बघणं. २०१०-११ आणि २०१९-२० घेतले. आणि इथे माझा सोपा निष्कर्ष बोंबलला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारचे खड्डे तिथेही आहेत! उथळ, एक-दोन दिवसांचे, पण आहेत. म्हणजे "खड्डा दिसला की एसएसडब्ल्यू" असं मला म्हणता येत नाही. चंद्र बाराही महिने काम करत असतो, ध्रुव तापला की त्याला नुसता जोर चढतो आणि खड्डा एक-दोन दिवसांवर न थांबता आठवडाभर पाऊणकीने चालत राहतो. पार्टनर म्हणाली रिपोर्टमध्ये हे शेवटी बारीक टाकूया. मी म्हटलं नाही, हेच आधी टाकायचं, नाहीतर कोणीतरी "डिसेंबर दाखव" म्हणेल.

१० मार्च, रविवार

मेगाब्लॉक म्हणून घरीच. रिपोर्ट जवळजवळ झालाय, तर ४ मार्चला वारा परत उलटला, एकाच हिवाळ्यात दुसऱ्यांदा, आणि या वेळी चांगला दणकून. जानेवारीसारखं शून्याला शिवून परत नाही. मध्ये पश्चिमेचा वारा वीस दिवसांपेक्षा जास्त टिकला होता त्यामुळे नियमाने ही वेगळी घटना. अडचण अशी की ३ तारखेला चुंबकीय खळबळही होती, आणि मार्च म्हणजे संपात (दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) जवळ आला, झोताचा स्वभाव जानेवारीपेक्षा वेगळा. २००९ सारखं स्वच्छ काही मिळणार नाही.

तिरुनेलवेलीचा मार्चचा डेटा मिळायला वेळ आहे, रीतसर अर्ज टाकलाय. आज अमावस्या. आजोबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं, २००९ च्या रेघेवरून ठिपके किती सरकले होते ते मला विचारलं, आणि उद्यापासूनच्या आठ दिवसांच्या चौकोनांत पेन्सिलने खड्ड्याच्या वेळा लिहून ठेवल्यात. सूर्याच्या वेळेत की घड्याळाच्या, हे मी दोनदा विचारून घेतलं.